वहिनीचा थकवा खरा आहे का, असं विचारणाऱ्या नणंदेला

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली हकिकत थोडक्यात अशी. वहिनी ३८ वर्षांची. दोन वर्षांपासून सारखी थकलेली, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं. पेडण्याकडच्या घरात तुमचे आई-वडील, भाऊ, वहिनी आणि दोन शाळकरी मुलं. वडील पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले. वहिनी औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. आतापर्यंत तीन डॉक्टर झाले. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, टॉनिक आणि अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. सोनोग्राफी चांगली आली. हिमोग्लोबिन ११.४ वरून १२.३ वर गेलं, पण ती होती तशीच. शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘हे मनाचं आहे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.’ तेव्हापासून घरात ‘नाटकं’ हा शब्द सुरू झालाय. आणि तुम्ही विचारता, तिला खरंच काही झालंय, की सगळं मनाचं?

मी डिचोली तालुक्यात २७ वर्षं दवाखाना चालवते. वहिनीसारख्या बायका माझ्याकडे आठवड्याला चार-पाच तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नाच्या आत मला दुसरा एक प्रश्न दिसतो. तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का? त्याचं उत्तर आधी देते, कारण त्यासाठी कुठलाही रिपोर्ट लागत नाही. ठेवायचा. थकवा दाखवणारी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. ज्याला तो होतो त्याने सांगायचा आणि ऐकणाऱ्याने मानायचा, एवढीच त्याची मोजणी. रिपोर्ट चांगला आला याचा अर्थ इतकाच की आपण जिथे शोधलं तिथे कारण नव्हतं. आणि ‘शरीराचं की मनाचं’ ही विभागणी तुमच्या वहिनीच्या बाबतीत कामाची नाही, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी एक कबूल करते. मी वहिनीला तपासलेलं नाही. तिची पाळी कशी येते, वजन उतरलंय का, घोरते का, बाळंतपणं कशी झाली, कॉपर-टी आहे का, घरात मधुमेह कोणाला आहे, यातल्या प्रत्येक उत्तराने माझा सल्ला थोडा थोडा बदलेल. आणि काही गोष्टी असतील तर हे वाचत बसूच नका, तिला घेऊन इस्पितळात जा. थोडं चालल्यावर धाप लागणं, छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा, एकाएकी आलेला विलक्षण थकवा आणि दरदरून घाम. बायकांमध्ये हृदयविकाराची सुरुवात पुष्कळदा अशीच होते आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणून ती रात्र तशीच काढली जाते. तसंच संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, ताप आणि ओटीपोटात दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा तिच्या तोंडून ‘जगण्यात अर्थ नाही’ असं येणं. यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही.

तसं काही नसेल, तर शरीराची एक फेरी नीट पूर्ण करा. एकच, पण पूर्ण. दर डॉक्टरमागे तीच सोनोग्राफी आणि तेच हिमोग्लोबिन, याला तपासणी म्हणत नाहीत. माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट सांगते म्हणजे यावर एवढा भर का ते कळेल. दवाखान्याच्या पहिल्या काही वर्षांत एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. थकवा, वजन वाढलेलं, कामात लक्ष नाही. मुलगी बारावीला होती. मी म्हटलं, टेन्शन आहे, परीक्षा झाली की बरं वाटेल. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजला होता. थायरॉइड पार मंदावलेलं होतं. ज्या तपासणीत ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं, ती मी लिहूनच दिली नव्हती. त्यांचे ते सहा महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून शरीर तपासल्याशिवाय मी कुणाला ‘टेन्शन’ म्हणत नाही.

तर ही फेरी अशी. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. बी-१२. मूत्रपिंड आणि यकृताच्या साध्या चाचण्या. लघवीची तपासणी. आणि फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाची तपासणी. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी राहतं. हिमोग्लोबिन म्हणजे घरखर्चाला हातात असलेले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. हातात पैसे दिसतात तेव्हाही बँक रिकामी असू शकते. फ्रान्समधल्या दवाखान्यांत थकव्याची तक्रार करणाऱ्या, पण हिमोग्लोबिन कमी नसलेल्या १९८ बायकांवर एक चाचणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांचं फेरिटिन ५० च्या खाली होतं. निम्म्यांना १२ आठवडे लोह दिलं, निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी. लोह घेतलेल्यांचा थकवा जवळजवळ निम्म्याने कमी झाला, खोट्या गोळीवाल्यांचा तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ‘हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, लोहाचा विषय संपला’ असं म्हणता येत नाही. खोट्या गोळीनेही बरंच बरं वाटलं, हेही लक्षात ठेवा. कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घेतलं आणि काहीतरी केलं, यानेही माणसाला बरं वाटतं.

लोह सुरू करावं लागलं तर डॉक्टरांना विचारा की रोज घ्यायचं की दिवसाआड. दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह अंगात जास्त चांगलं मुरतं, असं अलीकडे दिसून आलं आहे. पोटाला त्रासही कमी होतो. चहा मात्र गोळीच्या आगेमागे तासभर नको. आणि पाळीत किती जातं ते तिला विचारा. ‘नेहमीसारखं’ हे उत्तर चालणार नाही, कारण तिचं नेहमीचंच जास्त असू शकतं. दिवसाला किती पॅड, गुठळ्या पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का, असं विचारायचं. टाकीला भोक असेल तर वरून कितीही पाणी ओता, भरणार नाही.

आता पांढरं जाण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्या चार अँटिबायोटिकच्या कोर्सची वाटते. पाळीच्या चक्राप्रमाणे थोडं पांढरं, पाण्यासारखं किंवा चिकट जाणं हे प्रत्येक बाईला असतं आणि ते आजाराचं लक्षण नाही. खाज, दह्यासारख्या गुठळ्या, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, आग होणं हे असेल तर संसर्ग. सरकारी व्यवस्थेत लक्षण ऐकून औषधाचा ठरलेला संच देण्याची पद्धत आहे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ती उपयोगी पडते, मी तिला नावं ठेवत नाही. पण एका संचाने फरक पडला नाही तर दुसऱ्या वेळी तपासून बघायलाच हवं. आतून बघायचं, नमुना घ्यायचा. न बघता तिसरा आणि चौथा कोर्स दिला की योनीतले चांगले जीवाणू मरतात, बुरशी फावते आणि मग खरंच खाज सुरू होते. आधी नसलेला आजार औषधाने होतो. त्याच तपासणीत गर्भाशयाच्या मुखाची कर्करोगासाठीची तपासणीही करून घ्या. तिशीनंतर ती प्रत्येकीने करायची असते आणि वहिनीची बहुधा राहिलेली असेल.

पण तिच्या मनात या पांढऱ्या जाण्याचा अर्थ काय आहे, हेही समजून घ्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका मानत आल्या की अंगातलं बळ त्या वाटेने निघून जातं, हाडं झिजतात. माझ्याकडे येणारी बाई ‘मी थकले आहे’ असं क्वचित म्हणते. थकणं हे बाईने सांगायचं दुखणंच नव्हे, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली असते. अंगावरून जातंय असं मात्र सांगता येतं, त्यासाठी डॉक्टरकडे जायची परवानगी मिळते, बसभाडं मिळतं. कित्येकदा ते पांढरं जाणं म्हणजे दारावरची थाप असते. आत सांगायचं दुसरंच काही असतं.

ही माझी कल्पना नाही. याचा नीट अभ्यास झाला तो आपल्याच गोव्यात, बार्देशातल्या हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरात. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या ३,००० बायका चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडल्या. त्यातल्या २,४९४ सहभागी झाल्या. मुलाखती घेतल्या, नमुने तपासले, हिमोग्लोबिन मोजलं. २००५ आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पांढरं जाण्याची तक्रार आणि प्रयोगशाळेत सापडलेला संसर्ग यांचा मेळ फारसा बसला नाही. लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग तर फारच थोड्या जणींना होते. तक्रारीशी जास्त घट्ट जोडलेलं निघालं ते उदासपण, चिंता, इतर शारीरिक दुखणी आणि घरातली परिस्थिती. सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असलेल्या बायका १२.१ टक्के निघाल्या, म्हणजे दर आठ जणींत एक. हिमोग्लोबिनच्या आकड्याशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. आढळला तो कमी शिक्षण, कर्ज, मनाची अस्वस्थता आणि बाई म्हणून वाट्याला आलेल्या गोष्टींशी. त्यातही ठळक होती ती नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती.

हे वाचलं तेव्हा मला माझी एक पेशंट आठवली. बाजारात भाजी विकायला बसायची. थकवा म्हणून मी तिला तीनदा लोह दिलं होतं, दोनदा बी-१२ ची इंजेक्शनं. एकदा जुलैच्या पावसात दवाखाना रिकामा होता. ती ओली होऊन आली, मी टॉवेल दिला आणि चहा मागवला. चहा पिता पिता खाली बघून म्हणाली, ‘रात्र झाली की नको वाटतं डॉक्टर. पण नको म्हटलेलं कोण ऐकतं?’ पाच भेटींत मी तिला रात्रीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून विचारते.

या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. ती एका वेळी केलेली पाहणी होती. आधी थकवा आला की आधी उदासपण आलं, हे तिच्यातून ठरत नाही. शिवाय हिमोग्लोबिनशी संबंध नाही म्हणजे लोहाशी नाही असंही नव्हे, म्हणून तर मी वर फेरिटिनची गोष्ट सांगितली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की हाती एवढंच लागतं: लोहाची शिल्लक बघा, पण ती भरल्यावरही थकवा राहिला तर तिचा दिवस बघा.

वहिनीचा दिवस तुम्ही लिहिलाच आहे, जाता जाता. सव्वापाचला उठते. डबे, मुलं, बाबांचं अंग पुसणं, सात-दहाची बस. आठ तास उभं राहून पॅकिंग. संध्याकाळी परत चूल, अभ्यास, बाबांचं जेवण, रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलणं. तुम्ही हे ‘तिला फार काम आहे असं नाही, आईही मदत करते’ या वाक्याच्या आधी लिहिलं आहे. कृपा करून ते पुन्हा वाचा. दोन वर्षं जी बाई सलग पाच तास झोपलेली नाही, तिच्या थकव्याचं कारण आपण रक्तात शोधतोय. बाबांचा पक्षाघात कधीचा? तुम्हीच लिहिलंय, सव्वादोन वर्षांपूर्वीचा. थकवा दोन वर्षांचा.

हे एका घराचं नाही. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. आजाऱ्याची सेवा यात धरलेली नाही, ती वेगळी मोजतात. आणि त्या कामाचा पगार नसल्यामुळे ते काम केल्याचं दुखणंही कुठे नोंदलं जात नाही. गेल्या काही वर्षांतलं जगभरचं संशोधन बघितलं तर हेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसतं. २०२४ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात, पुरुषांना अकाली मारणारे आजार जास्त, तर बायकांना मारत नाहीत पण वर्षानुवर्षं जगणं जड करतात असे आजार जास्त, असं दिसलं. कंबरदुखी, उदासपण, डोकेदुखी, चिंता. बायकांच्या वाट्याला आयुष्य थोडं जास्त येतं, पण आजारपणात काढलेले दिवसही पुरुषांपेक्षा जास्त येतात. वहिनीची कंबर आणि तिचा थकवा याच यादीत आहेत. ज्याने माणूस मरत नाही त्याच्यासाठी घरात कुणी सुट्टी काढत नाही.

कारखान्याबद्दलही विचारा. उभं राहायचं किती, मधे बसायला स्टूल आहे का, आणि शौचालय कसं आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका कामाच्या दिवशी मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते किंवा जाऊ देत नाहीत. मग लघवीचा संसर्ग, डोकेदुखी, बद्धकोष्ठ. म्हैस बांधली तरी आपण तिच्यापुढे पाणी ठेवतो.

आता ‘मनाचं आहे’ या वाक्याकडे येते. त्या डॉक्टरांचं म्हणणं कदाचित चुकीचं नसेल, पण ज्या तऱ्हेने ते सांगितलं गेलं त्याने तुमच्या घरात त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा झाला. उदासपणाचा आजार हा आजारच आहे. आपल्याकडे तो ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत येत नाही. अंगदुखी, थकवा, छातीत धडधड, झोप न लागणं आणि ‘टेन्शन’ हा एक शब्द, अशा रूपात येतो. मी दोन प्रश्न विचारते. गेल्या दोन आठवड्यांत मन खचल्यासारखं वाटलं का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा, फुलांचे हार करणं असो, भजन असो, शेजारणीशी गप्पा असोत, त्यात अजून जीव लागतो का? दोन्हींतल्या एकाचंही उत्तर चिंता वाटावी असं आलं तर पुढची नीट तपासणी करते.

आणि यावर उपाय आहे, तोही गोव्यात पारखलेला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांमधले ४९५ पेशंट होते, सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र उदासपण होतं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. काय करायचे? दिवसाचा आराखडा मांडायचे, कुठली गोष्ट केल्यावर थोडं बरं वाटतं ते शोधायचे, ती पुन्हा दिवसात आणायचे, अडचणी एकेक करून सोडवायला मदत करायचे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के त्या उदासपणातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. समुपदेशन घेतलेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही कमी आढळलं. कसं ते पूर्ण उलगडलेलं नाही, पण माझ्या अनुभवात ज्या बाईचं कुणीतरी नियमित ऐकतं, तिच्याशी घरातली माणसंही थोडी जपून वागू लागतात. गरज पडली तर गोळ्याही असतात, त्यांची भीती नको. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणं ही शिक्षा नव्हे. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो.

म्हणजे इथवर मी तीन गोष्टी सांगितल्या. शरीराची एक पूर्ण फेरी करा, फेरिटिन आणि थायरॉइड धरून. न तपासता अँटिबायोटिक बंद. आणि मनाकडेही आजार म्हणून बघा, आरोप म्हणून नव्हे. उरली चौथी, आणि ती तुमच्याकडे येते.

वहिनीशी बोलताना आई किंवा भाऊ शेजारी नको. मी दवाखान्यातही सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवते, ‘आतून तपासायचं आहे’ असं सांगून. ‘तुला काय होतंय’ असं विचारलं तर ‘काही नाही’ असंच उत्तर येईल. ‘रात्री किती वेळा उठतेस?’ असं विचारा. ‘तू दोन दिवस आजारी पडलीस तर घरातलं कोण करतं?’ असं विचारा. शेवटी, आणि तिला सांगावंसं वाटलं तरच, घरात कुणाची भीती वाटते का, मनाविरुद्ध काही सोसावं लागतं का. तो तुमचा सख्खा भाऊ आहे, हे ऐकणं तुम्हाला जड जाईल, हे मला कळतं. कदाचित तसं काही नसेलही, मी काही गृहीत धरत नाही. पण तिने तसं काही सांगितलं तर तावातावाने भावाला जाब विचारायला जाऊ नका. त्याची किंमत तुम्ही परत गेल्यावर तिला मोजावी लागते. आधी तिला काय हवं ते विचारा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. पाऊल तिच्या गतीने पडू दे.

आणखी एक सांगते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की गणेश चवथीला चार दिवस माहेरी जाता तेव्हा वहिनीचा चेहरा बघवत नाही. त्या चार दिवसांत घरात माणसं किती वाढतात? नेवऱ्या, पाच भाज्या, गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीची बांधाबांध, पाहुण्यांचा चहा, हे कोण करतं? माझ्या स्वतःच्या माहेरीही वर्षानुवर्षं मी ताटावर बसत होते आणि वहिनी वाढत होती, आणि ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी डॉक्टर होऊन पंधरा वर्षं झाली होती. या वर्षी तुम्ही दोन दिवस आधी जा आणि त्यातला एक दिवस फक्त वहिनीला घेऊन तपासणीला जाण्यासाठी ठेवा. जिल्हा इस्पितळात सकाळी लवकर गेलात तर बऱ्याच तपासण्या एका फेरीत होतात. मुलं आणि बाबा त्या दिवशी तुमच्या भावाकडे.

कारण अंथरुणावर पडलेला माणूस वहिनीचा सासरा आहे, पण तुमचा बाप आहे, आणि तुमच्या भावाचाही. रात्री दोनदा कूस बदलायला उठणारी तिसरीच आहे. पाणी भरलेली किंवा हवेची गादी असते, तिने अंगावर जखमा होण्याचा धोका कमी होतो आणि कूस बदलण्यातलं अंतर थोडं वाढवता येतं का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारता येईल. काही दिवस रात्रीपुरती मदतनीस ठेवता येते. खर्च भावंडांत वाटता येतो. शनिवारची रात्र तुमची, आठवड्यातल्या दोन रात्री भावाच्या, असंही करता येतं. महिनाभर तिला आठवड्यातल्या तीन रात्री सलग सहा तास झोप मिळू द्या. त्याने सगळं बरं होईल असं मी म्हणत नाही, पण त्या महिन्यानंतर जो थकवा उरेल तो आपल्याला नीट दिसेल आणि त्यावर औषध ठरवणं सोपं जाईल.

वहिनीशी बोलून झाल्यावर, आणि तिची हरकत नसेल तर, भावाशी बोला. तेव्हा ‘वहिनीचं काय चाललंय’ अशी सुरुवात करू नका. त्याने तो तिच्याकडेच बघू लागेल. ‘बाबांच्या रात्री आपण दोघांनी वाटून घेऊ या’ इथून सुरुवात करा.